कोपीवरचं पोर

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की महाराष्ट्रातल्या बीडकडच्या टोळ्या येतात आणि माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. त्यांतल्या पोरांचं नाव आमच्या अंगणवाडीच्या रजिस्टरला नसतं. तरी वजनाच्या दिवशी काटा आणि दंड मोजायची रंगीत पट्टी घेऊन मी तिकडंही जाते.

साडेतीन वर्षांची ती पोरगी आठेक वर्षांच्या बहिणीच्या कडेवर होती. आईबाप पहाटेच फडात गेलेले. दंड मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही. डावा हात कोपरात दुमडून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मधोमध खूण करायची, मग हात सैल सोडायचा. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, आवळली जाता कामा नये. जरा ओढली तर बरं पोर लाल रंगात जातं, ढिली राहिली तर कुपोषित पोर हिरव्यात सुटतं. नव्या कार्यकर्तींना हे कुणी हात धरून शिकवत नाही, मग कागदावर सगळंच हिरवं दिसतं.

दंड ११.२ सेंटिमीटर भरला. ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. पावलांवर सूज नव्हती, पण अंग तापलेलं आणि अंडं पुढं केलं तर तिनं तोंड फिरवलं. भूक मेलेलं पोर दवाखान्यातच न्यावं लागतं.

दोघींना अंगणवाडीत आणलं तर दारातच एक आई म्हणाली, "टीचर, ही परमुलखातली पोरं आमच्या पोरांत कशाला? उवा हुतील." १९५६ ला हा मराठी मुलूख आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आपल्याला सावत्र वागवलं म्हणून दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारं हे गाव. पोरगी बोलते ती मराठीच. मला फार लागलं ते. सुपरवायझर मॅडमना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न आधार कुठलं आणि अंगणवाडीच्या नोंदीच्या ॲपमध्ये नाव आहे का. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून आहार देतो, कुपोषित पोराला रोज ८०० कॅलरी. त्यात राज्याची हद्द कुठं आली? मी दोघींना जेवायला बसवलं. थोरलीनं दोनदा भात घेतला. तिचंही नाव कुठल्याच शाळेत नव्हतं.

दुपारी आई आली. दवाखान्यात पोराजवळ राहावं लागेल म्हटल्यावर ती खालीच बसली. "बाई, खाडा पडंल. मी गेले तर कोयताच मोडला." नवराबायको मिळून एक कोयता, त्या जोडीवर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. एकजण थांबला की पैसे कापले जातात आणि उचल फिटत नाही. दवाखान्यात राहणाऱ्या आईला भत्ता मिळतो हे मी सांगितलं, पण तेवढ्यानं खाडा भरून निघत नाही. तिला निष्काळजी म्हणणाऱ्यांनी तिचा हिशेब एकदा मांडून बघावा. कारखान्याला टोळी कधी येणार, किती कोयते येणार, सगळं आधी ठाऊक असतं. फडाशेजारी हंगामापुरती अंगणवाडी मांडायला एवढी माहिती पुरे आहे.

बाप मुकादमाशी बोलणार होता. दोन दिवसांत इथला फड संपला आणि टोळी पुढच्या गावाला गेली. गाव कुठलं ते ट्रॅक्टरवाल्याकडून काढलं, तिथल्या कार्यकर्तीला पोरीचं वजन, दंडाचं माप, ताप, आईचं नाव सगळं फोनवर सांगितलं. तिनं लिहून घेतलं आणि विचारलं, "अक्का, पण ॲपमध्ये आहे काय?"