गॅस टॉप-अप, १ जॉब

आमच्या कंपनीच्या ऑफिसचा कार्बनचा हिशोब मी ठेवते. लोकांना वाटतं हे पोस्टर लावायचं काम, पण निम्म्याहून जास्त वेळ पावत्या गोळा करण्यात जातो. विजेची बिलं, जनरेटरचं डिझेल, विमानाची तिकिटं, कागदाची खरेदी, हे सगळं मागितलं की मिळतं. यावेळी मी एसी मेंटेनन्सची फाइल पण मागितली, तेव्हा अ‍ॅडमिनमधून पहिला प्रश्न हाच आला की तिचा पर्यावरणाशी काय संबंध.

फाइलमध्ये वर्षभर एकच ओळ परत परत येत होती, "गॅस टॉप-अप, १ जॉब". किती किलो ते नाही, कुठल्या युनिटला ते नाही. आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलेलं नव्हतं, कारण एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपतो असाच बहुतेकांचा समज असतो. तो संपत नाही हो. बंद पाइपमध्ये तोच तो गॅस फिरत राहतो, द्रव होतो, वाफ होतो, परत द्रव होतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळून हवेत गेला, दुसरा अर्थच नाही.

पावतीवर वजन नाही म्हटल्यावर मी स्टोअरचं रजिस्टर काढलं. आमच्या एसीत भरतात त्या आर-४१०ए गॅसचा ११.३ किलोचा एक अख्खा सिलिंडर वर्षभरात रिकामा झाला होता. या गॅसचा जीडब्ल्यूपी २०८८, म्हणजे शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो गॅस २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडकवतो. गुणाकार करा, साडेतेवीस टनांच्या वर जातो! आता कागद बघा. ए४ ची एक रिम अडीच किलोची, तिच्यामागे अगदी सढळ हाताने पाच किलो कार्बन धरला तरी एका सिलिंडरची बरोबरी करायला ४७०० रिम लागतील. कागद वाचवायलाच हवा, दोन्ही बाजूंनी प्रिंटचं सेटिंग सगळ्या मशीनवर मीच लावून घेतलंय, पण वर्षभर आमच्या सगळ्या मीटिंगा कागदावर झाल्या आणि या सिलिंडरचं नाव एकदाही निघालं नाही याचा मला अजून राग येतो.

मग टेक्निशियनला घेऊन एक पूर्ण दिवस गळती शोधली. आमची व्हीआरएफ सिस्टीम आहे, म्हणजे बाहेर एक मोठं युनिट आणि तिथून मजलाभर पसरलेले तांब्याचे पाइप, जॉइंटच जॉइंट. माणूस कामाचा पक्का. डिटेक्टर फिरवायच्या आधीच त्याने फॉल्स सीलिंगची टाइल सरकवून टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, तेल बघा." गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही पाइपमधून फिरतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलाचा डाग पडतो. पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटवर साबणाचं पाणी लावलं तर लगेच फेस आला. उरलेला गॅस हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी मशीननेच काढायचा, यावर मी अडून बसले. त्याला ते पटलंच होतं, मशीन मागवायला परवानगी मिळत नव्हती एवढंच. मग नवीन फ्लेअर, गळती उरली का ते बघायला नायट्रोजनचं प्रेशर देऊन रात्रभर होल्ड, सकाळी व्हॅक्यूम आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस. "हे मला पहिल्याच वेळी करायचं होतं," तो म्हणाला, "पण तक्रारीचा कॉल बंद करायला दोन तासच देतात."

दोष त्याचा नाहीच, एएमसीचा, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कराराचा आहे. करारात कॉल किती वेळात बंद झाला हे मोजतात, गळती बंद झाली का हे कोणीच मोजत नाही.

वरिष्ठांशी बोलले तर ते म्हणाले, हा गॅस तर ओझोनला सुरक्षित आहे ना. आहे, पण ओझोनचं छिद्र वेगळं आणि तापमानवाढ वेगळी, आणि आर-४१०ए ज्या गटातला, ते एचएफसी गॅस ओझोनला काही करत नसूनही २०१६ च्या किगाली दुरुस्तीने ते ओझोन वाचवायच्या मॉन्ट्रियल कराराखाली घेतले ते तापमानवाढीसाठीच. मग म्हणाले, कमी प्रदूषणवाला भरा. आर-३२ चा जीडब्ल्यूपी ६७५ आहे खरा, पण तो थोडा ज्वलनशील, त्यासाठी बनवलेलंच मशीन लागतं, यातला काढून तो भरला असं करता येत नाही.

आता अडलंय ते अहवालातल्या वर्षवार उत्सर्जनाच्या आलेखावर. गेल्या वर्षांत गॅस मोजलाच नाही, यंदा मोजला, त्यामुळे नेमकं काम केलं त्याच वर्षी उत्सर्जन वाढलेलं दिसतं. असा हिशोब ठेवायची नियमावली, जीएचजी प्रोटोकॉल, सांगते की मोठी त्रुटी सापडली तर आधारवर्षाचे, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करतो त्याचे, आकडे पण सुधारा, म्हणून जुन्या रजिस्टरवरून सिलिंडर मोजून मी मागच्या वर्षांचा अंदाज लावला आणि तो अंदाज आहे असं स्पष्ट लिहिलं. वरून सूचना आलीय की गॅस शेवटी परिशिष्टात टाका, मुख्य आलेखात नको. मी तयार नाही. एसी आमचे, गळती आमच्या छतातली, हे थेट उत्सर्जन, सगळ्यात पहिल्या रकान्यातलं, ते परिशिष्टात कसं जाईल? ड्राफ्ट मी तसाच पाठवलाय, त्याबरोबर एएमसीत घालायची दोन कलमं पण: प्रत्येक पावतीवर किलो आणि युनिट नंबर, आणि गळती शोधल्याशिवाय टॉप-अप नाही. कलमं लगेच मंजूर झाली, आलेखाचं उत्तर अजून आलेलं नाही.