पहिला असेंबल्ड पीसी: ग्राफिक्स कार्ड नंतर घ्यायचं ठरवून केलेली निवड

पार्टची यादी करण्याआधी मी कामाची यादी केली. फोटो एडिटिंग, कोडिंग आणि अधूनमधून फोनवर काढलेल्या व्हिडिओंची कापाकापी. गेमिंग सध्या नाही, पण पुढेमागे मधल्या वर्गातलं एखादं ग्राफिक्स कार्ड टाकायचं हे नक्की होतं. निम्मी निवड या एका गोष्टीनेच ठरली. कार्ड नंतर येणार, म्हणजे स्क्रीन चालवण्यापुरते ग्राफिक्स आज प्रोसेसरमध्येच हवेत. कॅबिनेट, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्ड मात्र उद्याच्या कार्डाचं माप धरून घ्यायचे. बाजारात बहुधा उलटं चालतं. प्रोसेसरवर बजेट उधळायचं आणि उरल्यासुरल्या पैशांत एसएमपीएस उरकायचा.

इंटेलचा आय-५ १२४०० स्वस्त पडत होता आणि त्याला डीडीआर४ रॅमही चालते. पण त्याचं एलजीए १७०० सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) चौदाव्या पिढीपाशी थांबलं; पुढच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागतं. एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं जाहीर केलेलं आहे, म्हणून मी तिकडे वळलो. तिथे दोन प्रोसेसर समोर होते: रायझन ५ ७६०० आणि रायझन ५ ८६००जी. दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅटचे. आकडा मोठा म्हणून ८६००जी सरस, असं काउंटरवर सर्रास सांगितलं जातं. त्याच्या पोटातले रेडिऑन ७६०एम ग्राफिक्स खरोखरच चांगले आहेत, हलके गेम कार्डाशिवाय चालतात. पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) फक्त १६ एमबी, तर ७६०० ला ३२ एमबी. पुढे कार्ड लावलं की आतले ग्राफिक्स रिकामे बसतात आणि कमी कॅश मात्र गेममध्ये जाणवते. ८६००जी कार्डाला पीसीआयई ४.० च्या (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटेच्या) आठच लेन देतो, हा मुद्दा इंटरनेटवर फार ताणला जातो. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० ही कार्डं मुळात आठच लेन वापरतात, तेव्हा तिथे काही बिघडत नाही. त्याचा धाकटा भाऊ ८५००जी मात्र चारच लेन देतो, तो या कामासाठी बाद. कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर ८६००जी घ्या. मी ७६०० घेतला, स्क्रीन चालवण्यापुरते ग्राफिक्स त्यातही आहेत.

नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर, उदाहरणार्थ ७५००एफ, थोडे स्वस्त मिळतात. त्यांत ग्राफिक्स नसतात. कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार. शिवाय उद्या कार्ड बिघडलं तर दोष कुठे आहे हे तपासायला प्रोसेसरमधलं आउटपुट फार कामाला येतं. आणि ‘ट्रे’ (बॉक्सशिवाय सुटा मिळणारा) प्रोसेसर चार पैसे वाचवतो, पण सोबत फॅन नसतो आणि बॉक्सवाल्या मालाची कंपनीची ३ वर्षांची वॉरंटीही नसते.

मदरबोर्ड बी६५० चिपसेटचा, बी६५०एम, म्हणजे मायक्रो एटीएक्स या लहान आकारातला. ए६२० स्वस्त असतो, पण त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही) आणि बऱ्याच बोर्डांवर व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाला, हीटसिंकच नसतो. मी बघितलं ते एवढंच: व्हीआरएमवर हीटसिंक, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट, रॅमचे चार स्लॉट आणि बायोस (बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) बदलणारं फ्लॅशबॅकचं बटण. हे बटण फार मोलाचं. पुढे रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर आणला आणि बोर्डाचा बायोस जुना निघाला, तर पेन ड्राइव्हवरून प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येतो. मागच्या पट्टीवर एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट दोन्ही आहेत ना, तेही पाहून घ्या.

रॅमबद्दल जरा सविस्तर. २०२५ च्या शेवटापासून भाव असे चढलेत की ‘आत्ता एक स्टिक घेऊ, दुसरी नंतर’ हा मोह कोणालाही होईल. त्यावर दुकानदार हमखास सांगतो, ‘डीडीआर५ ची एक स्टिक पण ड्युअल चॅनलच असते.’ ते अर्धसत्य आहे. डीडीआर५ च्या एका स्टिकमध्ये ३२ बिटचे दोन उपचॅनल असतात, बेरीज ६४ बिटच. दोन स्टिक लावल्या की १२८ बिट होतात. सीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये एका स्टिकला २×३२ बिट दिसतं, दोन स्टिकला ४×३२. प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर जगतात, म्हणून एका स्टिकचा फटका कार्ड नसलेल्या मशीनला सर्वांत जास्त बसतो. नंतर आणलेली दुसरी स्टिक त्याच मॉडेलची असली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, मग रॅमचा पूर्ण वेग टिकेल याची खात्री नाही. म्हणून १६ जीबीच्या दोन स्टिकचं एकच किट घेतलं, ६००० एमटी वेगाचं, सीएल३० (सीएल म्हणजे रॅमला उत्तर द्यायला लागणारा विलंब, जितका कमी तितका बरा). सीएल३६ स्वस्त असतं. हिशेब सोपा आहे: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. सीएल३० चे १० नॅनोसेकंद, सीएल३६ चे १२. भावात फार तफावत असेल तर सीएल३६ घ्यायला काहीच हरकत नाही. स्लॉट चार असले म्हणून चार स्टिक भरू नका. ७००० मालिकेत चार स्टिकला एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो.

एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई (एम.२ स्लॉटमध्ये बसणारा वेगवान प्रकार), पीसीआयई ४.०, टीएलसी (एका पेशीत तीन बिट). क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) ड्राइव्ह भरत आला की मोठ्या फाइल लिहिताना रांगायला लागतो. बाकी यात डोकं घालण्यासारखं काही नाही.

आता एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो त्यावर ठळक ‘४५० वॅट’ छापलेलं असतं. तिकडे न बघता बाजूचा तक्ता वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. तिथे १६ अँपिअर लिहिलं असेल तर हाती येतात १९२ वॅट, संपलं. माझा हिशेब असा: ७६०० ची कमाल ८८ वॅट, पुढचं कार्ड १८० वॅट धरलं, बोर्ड-एसएसडी-फॅन मिळून ५०. सव्वातीनशेच्या आत. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा पुरतो. भावात फारसा फरक नव्हता म्हणून ६५० घेतला, १२ व्होल्टवर ५४ अँपिअरवाला. ८० प्लस ब्राँझ हा शिक्का विजेची बचत सांगतो, आतल्या मालाचा दर्जा सांगत नाही. त्यासाठी वॉरंटी बघा, ५ वर्षं तरी हवी. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण पिनांची रचना वेगळी असते आणि एसएसडी, बोर्ड काहीही जळू शकतं.

यूपीएसचं गणितही इथेच करून टाकावं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. कार्डाशिवाय ठीक, कार्ड आणि मॉनिटर आले की अपुरा. स्वस्त यूपीएस साइन वेव्ह देत नाहीत, आणि लाइट गेल्यावर काही ॲक्टिव्ह पीएफसीवाले (वीज खेचण्याची लय सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस तेवढ्यावरून बंद पडतात.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या, पुढे काच असलेलं नको. आत मावणाऱ्या कार्डाची लांबी पुढचा फॅन न धरता लिहिलेली असेल तर त्यातून २५ मिमी वजा करा.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर भाव जीएसटी धरून विचारा, आणि पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच मागतात. मदरबोर्ड तिथेच उघडायला लावा. एएम५ च्या १७१८ पिना बोर्डावर असतात. सॉकेटवरचं काळं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की सगळ्या रांगा एकसारख्या चमकतात आणि वाकडी पिन लगेच वेगळी दिसते. घरी आल्यावर सापडलेली वाकडी पिन तुमच्याच माथी मारली जाते. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड द्यायचा झाला तर त्याच्याशिवाय घेत नाहीत. ऑनलाइन घेत असाल तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस एकाच सुमारास मागवा, नाहीतर शेवटचा पार्ट येऊन चाचणी होईपर्यंत पहिल्याची बदलून देण्याची मुदत संपलेली असते.

जोडणी आधी कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्या खोक्यावर. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. सॉकेटचा खटका लावताना मात्र बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो. ते तसंच असतं. सोबत आलेल्या फॅनसाठी बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट काढून टाकावे लागतात. पेस्ट आधीच लावलेली असते. चारही स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आवळत न्या. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

वीज जोडून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला की मशीन सुरू होतं, आणि मग काहीच होत नाही. स्क्रीन काळी, बोर्डावर ‘डीरॅम’चा दिवा पेटलेला. इथे लोक घाबरून बटण बंद करतात. डीडीआर५ चं मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) पहिल्यांदा काही मिनिटं घेतं, आणि मधेच वीज तोडली की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं हात बांधून बसा. तरीही काही दिसलं नाही तर एकच स्टिक ठेवून बघा.

चित्र आलं की बायोसमध्ये एक्सपो (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर किंवा ५२०० वर चालत राहते आणि वर्षानुवर्षं कळत नाही. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पूर्ण चालवा. एक जरी एरर आली तरी किट बदलून घ्या. विंडोज ११ टाकताना इन्स्टॉलरमध्ये बोर्डाचा लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर नसण्याचा संभव मोठा, आणि सेटअप तर इंटरनेट मागतो. ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

सगळं कॅबिनेटमध्ये बसल्यावर पत्र्याला हात लावून झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा पीसीचा नसून भिंतीतल्या सॉकेटचा असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मा, ११५ व्होल्टच्या आसपास दाब राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी आणि एचडीएमआयच्या केबल लावता-काढताना तोच पोर्टमधून वाट काढतो. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट आले पाहिजेत. न आल्यास आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. ग्राफिक्स कार्ड त्यानंतर.