तुम्ही विचारलंत म्हणून: फॅमिली डॉक्टरचं कॅन्सरशी काय काम?

"डॉक्टरबाई, तुम्ही ताप-खोकल्याच्या डॉक्टर. कॅन्सरच्या मागे कशाला लागलात? त्याला टाटा आहे ना!" लालबाग-काळाचौकीत दवाखाना चालवताना हा प्रश्न पेशंट विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईकही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, तर नीट सांगते.

टाटा हॉस्पिटल 1941 पासून परळला आहे, आमच्यापासून अगदी जवळ. पण तिथे माणूस कधी जातो? गाठ हाताला लागली, अंगावरून रक्त गेलं, तोंड उघडेनासं झालं, की मग. ज्याला काहीच होत नाही तो तिथे कशाला जाईल? तो माझ्याकडे येतो, नातवाचा ताप घेऊन किंवा बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला. कॅन्सर व्हायच्या आधी त्याला गाठायचं असेल, तर ते माझ्याच दवाखान्यात जमेल.

गिरणगावात तंबाखू जुनी. कापसाच्या खात्यात बिडी पेटवायची सोय नव्हती, तंबाखू-चुना मात्र पाळीभर गालात ठेवता यायचा. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, सवय घरात राहिली. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं तर "छे, कधीच नाही" म्हणतात, आणि ते खोटं नसतं. "मशेरी लावता का?" विचारलं की लगेच, "ती होय, ती सकाळ-संध्याकाळ लागतेच." तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी ती तंबाखूच, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी दोन्ही प्रश्न विचारते, आणि मग टॉर्च घेते. गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा. पांढरा चट्टा दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसून बघते. पुसला न जाणारा चट्टा असेल तर पुढे पाठवते. मग त्यांचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगते. सुपारीने गालाचं आतलं अस्तर ताठर झालं असेल तर दोनच बोटं जातात, आणि ते त्यांना स्वतःलाच कळतं. माझ्या बोलण्यापेक्षा त्या तिसऱ्या बोटाचा परिणाम जास्त होतो. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही, हेही मी तिथेच सांगते, नाहीतर माणूस घाबरून पुन्हा येत नाही.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं काम मला सगळ्यात जवळचं. टाटाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी: गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उठतो का बघायचं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. 2013 मध्ये निकाल आला: तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. उरलेल्या निम्म्या जणींना त्या काळात तपासणी न देता फक्त माहिती दिली, यावर पुढे वाद झाला. तो वाद मला रास्त वाटतो. पण म्हणूनच आता हाती आलेलं ज्ञान वापरलं नाही तर ते अक्षम्य आहे.

तपासणी स्वस्त, सोपी. बाईला टेबलापर्यंत आणणं अवघड. "नसलेलं दुखणं कशाला उकरून काढायचं?" "ह्यांना विचारून सांगते." आणि सगळ्यात मोठी भीती, डाग निघाला की पिशवीच काढतील. ती भीती आमची आरोग्यसेविका घालवते, मी नाही. ती त्याच चाळीत राहते, तिची स्वतःची तपासणी झालेली असते. "अगं, काही दुखत नाही, मी केलीय ना," हे तिने नळावर सांगितलेलं वाक्य माझ्या तासभराच्या भाषणाला भारी पडतं. डाग बहुतेक वेळा गोठवून किंवा जाळून काढता येतो, पिशवीला हात लावावा लागत नाही. शिबिराची वेळही तिनेच ठरवली, दुपारी दोन ते चार. पोरं शाळेत, जेवणं उरकलेली, नळाला पाणी यायला वेळ. मी सकाळी बोलवत होते तेव्हा खुर्च्या रिकाम्या राहत.

स्तनांची हाताने तपासणी त्याच वेळी होते. पन्नाशीपुढच्या बायकांनी तरी ती चुकवू नये. मुंबईतल्याच दीर्घ अभ्यासात या वयात तिचा फायदा दिसला आहे.

आणि हल्ली आया विचारतात, मुलगी दहा वर्षांची, तिला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची, लस आत्तापासून कशाला? कारण ती विषाणूशी गाठ पडण्याआधी द्यायची असते, 9 ते 14 हे त्यासाठी उत्तम वय. मुलीला खोकला झाला म्हणून आई तिला माझ्याकडेच घेऊन येते, तेव्हा हे बोलणं होतं. खोकल्याचं औषध लिहिणं म्हणूनच मी सोडलेलं नाही.