सोलापूरच्या उन्हाळ्यात शांत ग्राफिक्स कार्ड : दोन स्क्रीन, रॉ फाइल आणि अप्पांची झोप

फेब्रुवारी अखेर

गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे फोटो अजून निम्मेसुद्धा हातावेगळे झालेले नाहीत. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम आणि मधल्या दोन रविवारी नान्नजच्या माळरानावर संध्याकाळी टिपलेली काळविटं, असं सगळं मिळून हजाराच्या वर रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, प्रक्रिया न झालेल्या फाइल) आहेत. उजेड कमी, त्यामुळे बहुतेक आयएसओ ६४०० ला काढलेल्या, आणि आयएसओ एवढा चढवला की फोटोत दाणे येतात. म्हणजे निवडलेल्या प्रत्येक फोटोला डीनॉइज, म्हणजे सॉफ्टवेअरनं दाणे काढणं, आलंच, आणि ते काम ग्राफिक्स कार्डावर पडतं. मी बसतो रात्री दहानंतर, आणि टेबल आहे बाहेरच्या खोलीत. तिथेच अप्पा झोपतात.

परवा मला वाटलं, त्यांना झोप लागली. डीनॉइज लावलं तसा कार्डाचा फॅन चढला आणि घरघरत राहिला. अंधारातून अप्पा म्हणाले, "बेअरिंग गेलंय त्याचं. एकाच फॅनचं, दुसरा बरा आहे."

अप्पांनी तीस वर्षं टॉवेलच्या लूमवर काढली आहेत. एवढ्या खडखडाटात कुठला भाग कुरकुरतोय ते ते नुसत्या कानानं सांगायचे. सकाळी कॅबिनेट उघडलं, कार्ड बाहेर काढलं आणि दोन्ही फॅनना बोटानं टिचकी मारली. उजवा सात-आठ फेरे मारून सावकाश थांबला. डावा अर्ध्या फेऱ्यातच अडकला. फॅनची प्लेट काढली तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर राखाडी थर बसलेला. नखानं कड उचलली आणि सगळा थर एकसंध सुटून हातात आला, जाड नमद्याच्या तुकड्यासारखा. उजेडात धरला तर त्यात गुलाबी आणि हिरवे तंतू. आमच्या गल्लीत चार घरं सोडून लूम चालतात, टॉवेलचे तंतू दिवसभर हवेत असतात. पूर्व भागात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. बाकीच्यांनी वर्षातून एकदा ब्लोअर मारला तरी भागतं, आपल्याला दर तीन महिन्यांनी मारावा लागतो.

साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट, एवढ्यावर तापमान ९ अंशांनी उतरलं. बेअरिंगची घरघर मात्र गेली नाही. हे जुनं जीटीएक्स ९६० आहे, २ जीबीचं, २०१५ सालचं मॉडेल. एका फोटोच्या डीनॉइजला पाच मिनिटांहून जास्त घेतं. आता बदलायचंच.

मार्चचा पहिला आठवडा

नवं कार्ड घेण्याआधी एक फुकटचा उपाय सापडला. तुमच्याकडे दोन मॉनिटर असतील तर आजच करून बघा.

माझा मुख्य मॉनिटर २७ इंची, २५६० × १४४०, आणि तो ७५ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेम दाखवत चालायचा. शेजारचा जुना २४ इंची फुल एचडी, ६० हर्ट्झचा. काहीही काम चालू नसताना कार्ड ५८ अंशांवर आणि फॅन सुरू, हे कोडं मला दोन वर्षं सुटलं नव्हतं. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून पाहिलं तर मेमरी क्लॉक, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा वेग, पूर्ण वर चढून तिथेच थांबलेला. कारण असं की एक फ्रेम काढून झाल्यावर दुसरी सुरू होण्याआधी मॉनिटरला क्षणभर विसावा असतो, आणि मेमरीचा वेग बदलायचा तर तो त्या विसाव्यातच बदलावा लागतो, नाहीतर स्क्रीन लुकलुकते. दोन मॉनिटरांचे वेग वेगळे असले की त्यांचे विसावे एकमेकांशी जुळत नाहीत. मग ड्रायव्हर मेमरी खाली आणतच नाही. दोन्ही मॉनिटर ६० हर्ट्झवर आणले आणि दहा मिनिटांत कार्ड ४७ वर आलं. फोटोच्या कामात ७५ आणि ६० मधला फरक मला तरी कधी जाणवलेला नाही.

मार्चचा तिसरा आठवडा : निवड

माझ्या मशिनमध्ये रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे. त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय स्क्रीनच लागत नाही. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, ४५० वॉटचा.

आधी मन बिनफॅनच्या कार्डांवर गेलं. जीटी १०३० फक्त ३० वॉटचं, फॅनशिवाय मिळतं, आवाजाचा प्रश्नच नाही. पण मेमरी २ जीबी, आणि त्याच नावाखाली डीडीआर४ वालं एक फार मंद कार्डही विकलं जातं, बॉक्स नीट वाचून घ्यावा लागतो. डीनॉइजला तर त्याचा काहीच उपयोग नाही. आरटीएक्स ३०५० ६ जीबीसुद्धा बिनफॅनचं निघालं आहे, आणि त्याच्यासाठी मी दोन रात्री घालवल्या. शेवटी सोडून दिलं. बिनफॅनचा हीटसिंक सगळा कॅबिनेटमधल्या वाऱ्यावर अवलंबून असतो. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी ३७-३८ अंश असतात, आणि पात्यांच्या फटीत टॉवेलचे तंतू. ते कार्ड इथे घुसमटेल.

आरएक्स ६४०० चं नाव मित्रानं सुचवलं. ५३ वॉट, चांगलं वाटलं. पण ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन वापरतं आणि माझा बोर्ड जुन्या ३.० चा, म्हणजे आधीच अरुंद वाट अजून निम्मी. आरटीएक्स ४०६० सरळ सरस आहे, मेमरीही ८ जीबी. पण ११५ वॉटची उष्णता त्याच खोलीत सोडायची आणि पैसेही बरेच जास्त. इथल्या दुकानात तीन फॅनचं जुनं मोठं कार्ड गळ्यात मारायचा बराच प्रयत्न झाला, "तीन फॅन म्हणजे गारच राहणार" म्हणून. फॅन किती आहेत यापेक्षा कार्ड किती वॉट खातं ते आधी बघा. जितके वॉट आत जातात तितकी उष्णता बाहेर येते, आणि ती ढकलायला वारा लागतो. तोच वारा आपल्याला ऐकू येतो.

ठरलं ते आरटीएक्स ३०५० ६ जीबी, दोन फॅनचं. ७० वॉट, एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही, आणि एआयच्या गणितासाठीचे टेन्सर कोअर असल्यामुळे डीनॉइज झपाट्यानं होतं. अठरा हजारांच्या आत आलं. मेमरी ८ जीबी असती तर मी आणखी निश्चिंत असतो, हेही सांगून ठेवतो.

एप्रिलचा पहिला आठवडा

कार्ड बसवलं. २४ मेगापिक्सेलच्या फाइलचं डीनॉइज चाळीस सेकंदांच्या आसपास. पहिल्या रात्री साठ फोटो एकदम लावले आणि नुसता बघत बसलो. मावळतीच्या उजेडातल्या काळविटाच्या मानेवरची लव, जी इतकी वर्षं दाणेदार चिखलासारखी दिसायची, ती केसन् केस सुटी दिसली.

पण शेजारच्या स्क्रीनवर काळा रंग करडा झाला होता. नंदीध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी मुख्य स्क्रीनवर पांढरी, शेजारी मळकट. आधी वाटलं कॅलिब्रेशन बिघडलं. तसं नव्हतं. या कार्डाला डिस्प्लेपोर्ट एकच, त्यामुळे जुना मॉनिटर एचडीएमआयवर लावला होता, आणि कार्डानं त्याला टीव्ही समजून लिमिटेड रेंज पाठवायला सुरुवात केली होती, म्हणजे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज 'फुल' केली आणि काळा परत काळा झाला. त्यानंतरच स्क्रीनचे रंग मोजणारा कॅलिब्रेटर लावून दोन्ही मॉनिटरांचे वेगवेगळे प्रोफाइल नव्याने केले. हा क्रम उलटा करू नका, प्रोफाइल फुकट जातो.

मेचा पहिला आठवडा

खरी परीक्षा आता. परीक्षणांत लिहिलेलं असतं की साध्या कामात फॅन फिरतच नाही, आणि ते खोटं नाही. पण ती परीक्षणं बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत केलेली असतात. कार्ड खोलीपेक्षा किती वर जातं तेवढंच त्याच्या हातात असतं. माझं कार्ड साध्या कामात खोलीपेक्षा १४-१५ अंश वर राहतं. बावीसच्या खोलीत ३७, फॅन बंद. आमच्या खोलीत रात्री अकरालाही ३६ असतात, म्हणजे कार्ड ५१ वर, आणि फॅन सुरू व्हायचा आकडा नेमका ५२.

परिणाम असा की एक ब्रश फिरवला की फॅन चालू, अर्ध्या मिनिटात बंद, पुन्हा चालू. दिवसा कूलरच्या आवाजात हे कळत नाही. रात्री पाण्याची टाकी रिकामी झाली आणि कूलर बंद केला की प्रत्येक सुरुवात खाडकन कानाला लागते. अप्पा म्हणाले, "एकसारखं चालू दे ना त्याला. सारखं थांबतंय, चालतंय, त्यानंच जाग येते."

मी महिनाभर फॅन बंद कसा राहील याच्याच मागे होतो. फॅनचा वेग ठरवता येणाऱ्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये फॅन पूर्ण थांबवणारा शून्याचा मोड काढून टाकला, ६५ अंशांपर्यंत वेग सपाट ३० टक्के ठेवला, पुढे हळूहळू चढण. ३० टक्क्यांना मिनिटाला साधारण अकराशे फेरे. चार फुटांवरून कान देऊन ऐकलं तरच कळतं. डीनॉइजच्या लांब रांगेत कार्ड ७४ पर्यंत जातं आणि आवाज चढतो, पण एका लयीत, झटका न देता.

कार्ड गप्प झाल्यावर हार्ड डिस्कची गुणगुण पहिल्यांदा ऐकू आली. ती आधीही असणारच. खाली रबराच्या चकत्या बसवल्या, निम्मी कमी झाली. आता पुढचा १२० मिमीचा कॅबिनेट फॅन काढून १४० चा बसवतोय, समोर बारीक जाळीसह, म्हणजे तंतू आत यायच्या आधीच अडकतील. जाळीनं वारा किती अडतो आणि तापमान किती चढतं, ते बसवल्यावर मोजून लिहितो. विदर्भात किंवा मराठवाड्यात कुणी बिनफॅनचं कार्ड मे महिन्यात चालवलं असेल तर खोलीचं आणि कार्डाचं, दोन्ही तापमानं सांगा.