अकरा टाय

परवा दुपारी बोहारीण आली होती. जुन्या साड्या, नवऱ्याच्या दोन पँटी, एक पडदा असं गाठोडं तिच्यापुढे टाकलं आणि मी स्टीलच्या डब्यावर डोळा ठेवून बसले. तिने एकेक कपडा उजेडात धरून बघितला, मध्येच टायची जुडी निघाली ती मात्र उचलून सरळ माझ्या पायाशी ठेवली. "ताई, ह्याचं काय करू? ह्याचं पोतेरं पण होत नाही."

अकरा टाय! एकेकाळी नवरा रोज सकाळी आरशासमोर मान वर करून उभा असायचा, मग कोविडमध्ये घरून काम सुरू झालं आणि टाय जो सुटला तो सुटलाच.

डबा मिळाला, टाय उरले.

चहा घेता घेता उगाच एकाची मागची शिवण उसवायला घेतली, तर एक दोरा ओढला आणि अख्खी शिवण सर्रकन हातात. मागे वरपासून खालपर्यंत एकच सैलसर दोरा असतो, गाठ मारताना ताण बसला तरी तुटू नये म्हणून. आत लोकरीसारखी जाड पट्टी, आणि वरचं कापड चक्क उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं! मला एकदम आई दिसली, फरशीवर बसून खडूने तिरक्या रेघा मारणारी. ब्लाऊजच्या गळ्याला सरळ पट्टी लावली की चुण्या पडतात, उरेब पट्टी गप वळते. "उरेब कापड ऐकतं गं," म्हणायची आणि माझ्याकडे बघून, "तुझ्यासारखं नाही." टाय असा उरेब, तीन तुकड्यांत कापायची युक्ती 1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या माणसाने काढली, त्याआधीचे टाय म्हणे पिळवटून जायचे. आईला सांगितलं असतं तर म्हणाली असती, एवढंच ना.

मग काय, एक सोडून बाकीचे उसवले, इस्त्री केली आणि भाचीसाठी स्कर्ट घेतला करायला. रुंद टोक खाली, निमुळतं वर, म्हणजे कळ्या कापायलाच नकोत, घेर आपोआप येतो. मध्ये क्रोशाची जाळी. पण क्रोशाची सुई सिल्कमध्ये घुसवली तर कापडाचे धागे निघतात, म्हणून आधी कडेने काजाचा टाका घालायचा आणि त्या टाक्यांत सुई अडकवून साखळी, खांब, साखळी, खांब. वीस नंबरचा पांढरा दोरा, दोन बोटं रुंद जाळी, आणि मान अशी आखडली की विचारू नका. चार दुपारी गेल्या, सिरीयल किती पुढे गेली काही पत्ता नाही.

भाचीने आल्या आल्या फोटो काढला आणि म्हणाली, मावशी, हे अपसायकलिंग. असेल बाई. आमच्याकडे त्याला "टाकू नको, लागेल" म्हणायचे.

रात्री हँगरला लावला, सकाळी बघते तर खालची कड लाटांसारखी वरखाली. उरेब कापड स्वतःच्याच वजनाने लोंबतं. आई उरेबातला फ्रॉक आधी दोन दिवस टांगून ठेवायची आणि मगच खाली दुमड घालायची, हे मला दुमड घालून झाल्यावर आठवलं. परत उसवा!

स्कर्टात दहा टाय गेले. अकरावा, गडद निळा, तसाच आहे, का ठेवला माहीत नाही.

बाबांकडे टाय नव्हताच. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता तेव्हा स्टुडिओत खिळ्याला गाठ मारूनच अडकवलेला एक टाय असायचा, येईल तो डोक्यातून घालायचा आणि फोटो झाला की परत खिळ्याला. त्यानंतर बाबांनी धड एकटा फोटो कधी काढलाच नाही. त्यामुळे हॉलमध्ये तोच मोठा करून लावलाय. हाराच्या आड टायची गाठ थोडी डावीकडे सरकलेली दिसते.