आगमन कुठल्या मंडळाचं?

१६ ऑगस्ट २००८, शनिवार. नारळी पौर्णिमा. सकाळी ताईने राखी बांधली, तिच्या आवडीची, स्पंजची, चांगली पुरीएवढी. नारळीभात चेपला, "मित्राकडे जातो" म्हणालो आणि डोंबिवलीहून गाडी पकडून, दादरला बदलून ग्रँट रोडला उतरलो. तिथून ऑगस्ट क्रांती मैदान पायी जाण्याइतकं जवळ. मैदानाला तीन वेढे घातले, तेव्हा कुठे आत शिरायचा धीर झाला.

मुंबईच्या 'क्वीअर आझादी'चा, म्हणजे आम्हा समलिंगी, तृतीयपंथी अशा सगळ्यांचा, तो पहिला मोर्चा. 'बॉम्बे दोस्त' हे आमचं नियतकालिक १९९० पासून निघत होतं, 'हमसफर ट्रस्ट' या संस्थेचं काम १९९४ पासून चालू होतं, बायकांची 'लेबिया' ही संघटना होती. पण त्या चुली वेगवेगळ्या. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या सगळ्यांनी मिळून चालणं ही गोष्ट नवी होती. तारीखही विचार करूनच धरलेली. १५ ऑगस्टला देशाचं स्वातंत्र्य झालं, आता दुसऱ्या दिवशी आमचं बघा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हा १८६० सालचा इंग्रजी कायदा, म्हणून इंग्रज सरकारने माफी मागावी अशी मागणी होती. आणि १९४२ साली 'चले जाव'ची हाक दिली ते हेच मैदान. खरं सांगू? मला तेव्हा ते जरा पुस्तकी वाटलं. माझं भांडण इंग्रजांशी नव्हतंच, आमच्या सोसायटीच्या जिन्यात बसणाऱ्या मंडळींशी होतं.

ज्यांना चेहरा दाखवायचा नव्हता त्यांच्यासाठी मुखवटे होते. मी पहिल्या झटक्यात एक उचलला. पुठ्ठ्याचा, मागे रबर. रबर कानाला काचत होतं, आणि गिरगावाकडे वळेपर्यंत घामाने पुठ्ठा भिजून गालाला चिकटला. ओठांना रंगाची कडू चव. मागे ढोल, पुढे साड्या नेसलेल्या हिजडा भगिनी, त्यांच्या टाळ्यांचा कडकडाट ढोलालाही भारी. गणपती अठरा दिवसांवर आलेले. एका गॅलरीतून बंडीतले आजोबा ओरडले, "आगमन कुठल्या मंडळाचं रे?"

"आमचंच आहे, आजोबा!" आमच्यातल्या एकाने ठोकून दिलं. आजोबांनी हात जोडले. आम्ही चौपाटीपर्यंत हसत गेलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मुखवट्यामुळे मी बिनधास्त होतो. ताईने चहाबरोबर पेपर उघडला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही राखी दादरला मी एकच उचलली होती. शेवटची होती." पेपर घडी करून तिने गादीखाली सरकवला. बाबा उठायचे होते. पुढे बरेच दिवस तो विषय निघाला नाही, पण पुढच्या वर्षीपासून राखी बारीक रेशमी यायला लागली.

मोर्चा मग आमचा वार्षिक सणच झाला. ऑगस्टातून तो जानेवारी-फेब्रुवारीत आला, हे उत्तमच, पुठ्ठ्याचे हाल वाचले. २ जुलै २००९ला, संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा पेढे वाटले. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतरच्या मोर्चात आवाज जास्त होता, आणि मुखवटे मला तरी कमी दिसले. रागावलेला माणूस तोंड झाकत नाही बहुतेक. मी माझा केव्हा काढला ते नेमकं आठवत नाही. एका वर्षी घ्यायला विसरलो, एवढंच.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ते संबंध पुन्हा गुन्ह्यातून काढले आणि पुढच्या मोर्चाला ताई आली. मैदानात शिरताना ती माझ्याइतकी अडखळली नाही. आल्या आल्या तिने अनोळखी पोरापोरींना डब्यातल्या तिळाच्या वड्या वाटायला घेतल्या, आणि अर्ध्या वाटेत चप्पल तुटली म्हणून माझ्या नावाने खडे फोडत राहिली: "आधी सांगायचंस ना, एवढं चालायचं असतं म्हणून!"