ब्रिगिटे राइमान: कारखाना, कादंबरी आणि छापण्याची परवानगी

पूर्व जर्मनीच्या साहित्यात लेखिका ब्रिगिटे राइमानकडे (१९३३–१९७३) आपल्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. १९५९ मध्ये तिथल्या बिटरफेल्ड शहरात भरलेल्या साहित्य-परिषदेनं लेखकांना कारखान्यांत जायला सांगितलं. बरेच जण भेट देऊन परतले. राइमान १९६० मध्ये होयर्सवेर्डाला राहायलाच गेली आणि 'श्वार्त्से पुंपे' या लिग्नाइट कोळशाच्या प्रकल्पातल्या कामगारांबरोबर काम करू लागली. त्यातून १९६१ मध्ये 'आंकुन्फ्ट इम आल्टाग' (रोजच्या जगण्यात आगमन) हे पुस्तक आलं. समाजवादी वास्तवात रुळणाऱ्या तरुणांबद्दलच्या त्या काळच्या साहित्यप्रवाहाला नाव मिळालं ते याच शीर्षकावरून.

पूर्व जर्मनीत हस्तलिखित थेट छापखान्यात जात नसे. प्रकाशनसंस्थेचा संपादक, मग लेखी अभिप्राय, मग सांस्कृतिक मंत्रालयाची छपाई-परवानगी. कागदाचा कोटाही सरकारच्याच हातात. त्यामुळे उघड बंदीची वेळ क्वचितच येई. काटछाट आधीच, संपादकाच्या टेबलावर होई. (लेखकाच्या डोक्यात त्याच्याही आधी.)

१९६५ मध्ये तिला पूर्व जर्मनीचा हाइनरिश मान साहित्य पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये मात्र प्रागमधल्या सोव्हिएत गटाच्या लष्करी कारवाईला पाठिंबा देणाऱ्या निवेदनावर तिनं सही केली नाही.

तिची खरी मोठी कादंबरी 'फ्रान्झिस्का लिंकरहांड'. नायिका वास्तुविशारद, विषय एकसुरी नव्या वसाहती. जवळपास दहा वर्षं लिहूनही कर्करोगामुळे ती अपुरीच राहिली. १९७४ ला छापली गेली ती कापलेली आवृत्ती. पूर्ण आवृत्ती १९९८ मध्ये आली. वाचायची तर तीच घ्या.